सुमे, खांदा दुखतोय

पुणे, शनिवार रात्र

सुमे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तू फुगली असशील. फुग. तब्येत बरी, चालतेय-जेवतेय. पण हे तुलाच लिहिता येतं, कारण अक्काच्या त्या रात्री खोलीत आपण दोघीच होतो.

पाळी चुकली, दोन रेघा आल्या, मग थोडं लाल लागायला लागलं. गेल्या शनिवारी बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं संप्रेरक, १५१०, सोमवारी १८४०. ४८ तासांत निदान दीडपट तरी व्हायला हवा होता. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि उजव्या नळीत दोन सेंटिमीटरची गाठ, म्हणजे गर्भ नळीतच रुजलेला. ठोके नाहीत. नळी फुटलेली नव्हती, म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन टाळून बघू. त्याच संध्याकाळी कमरेत मेथोट्रेक्सेटची सुई. सासूबाई जुडी निवडायला बसल्या तर सांगावं लागलं, सध्या पालेभाजी नको. घरात मेथी बंद, मेथोट्रेक्सेट चालू! हस ना.

पालेभाजीत फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि हे औषध त्याचंच काम अडवतं, म्हणून वाढणाऱ्या पेशी थांबतात. आणि मी दोन महिने रोज सकाळी फॉलिक अ‍ॅसिडचीच गोळी घेत होते, त्याच्यासाठी. सही मीच केली. तिथे ते जगणार नव्हतंच, कळतं मला. तरी खणातली अर्धी स्ट्रिप टाकवत नाही.

गुरुवारी आकडा २११०. चौथ्या दिवशी चढतो म्हणे. सातव्याला त्यावरून १५ टक्के उतरला पाहिजे, म्हणजे १७९० च्या आसपास. नाहीतर पुन्हा सुई, किंवा दुर्बिणीतून नळीच काढायची. पोटात कळ, चक्कर किंवा खांदा दुखला तर रात्रीचे तीन असले तरी निघायचं. रक्त साचतं पोटात, दुखतं खांद्यात. अक्का खांदाच धरून बसली होती ना? मी शहाणी म्हटलं, बॅडमिंटन खेळलीस म्हणून. तू रिक्षा आण म्हणत होतीस, मी तिला सोडा पाजत बसले. त्यावरून वर्षभर अबोला! तुझं बरोबर होतं, हे लिहायला मला बारा वर्षं लागली. कार्ल्याच्या पायऱ्यांवर मात्र चूक तुझीच.

काल रात्री दोनला माझा उजवा खांदा दुखला. यांनी बर्म्युड्यावरच गाडी काढली. पुन्हा सोनोग्राफी, पोटात रक्त नाही. हात अंगाखाली दबला होता. आत्ता पुन्हा दुखतोय. यांना उठवू की नको, म्हणून तुला लिहितेय.

अक्काला सांगू नकोस. नाही, सांग. एका नळीवर तिचे दोघे झाले, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.

फ्लॅटचा ताबा मिळाला? काकांचा मोतीबिंदू काढला का?

उद्या साडेसातला रक्त, संध्याकाळी रिपोर्ट. तू फोन करू नकोस, मी करीन.

थांब, उठवतेच यांना.

तुझी,
पम्मी