ज्यांनी आधी गाणं ऐकलं, त्यांना

नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं थोडक्या ओळखीतही कळलंय. पण नुसतं खासगीत ‘थँक्यू’ म्हणून मोकळं व्हायला मन तयार होईना. गाणं पूर्ण झालं! काल रात्री एक्सपोर्ट केलं, हेडफोन लावले, आणि माझा आवाज पहिल्यांदाच गिटार-कीबोर्डच्या गर्दीतून सुटून समोर आलेला ऐकला. हसू की रडू, कळेना.

वाद्यांत माझा आवाज दबतोय, काय करू, हे तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. एकाने माइक कोणता एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून ‘मग कसं होणार’ म्हणत विषय संपवला. दुसऱ्याने प्लगइन्सची, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या पुरवण्यांची, लांबलचक यादी पाठवली. एका स्टुडिओने तर पैसे घेऊन मिक्स करून, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवून दिलं. बारीक आवाज बंद करून टाकणारा नॉइज गेट लावून, लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणाऱ्या कॉम्प्रेसरने दाबून गाणं असं सपाट केलं होतं, की जिथे मी पुटपुटते आणि जिथे गळा मोकळा सोडते, तिथे काही फरकच उरला नव्हता. विचारलं तर म्हणे, ‘आजकाल लाउडच लागतं.’ अहो, पण कशासाठी? स्पॉटिफायसारख्या सेवा मुळातच सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मुकाट खाली ओढलं जातं, आणि दाबल्याच्या खुणा तेवढ्या राहतात. गाणं कशाबद्दल आहे, हे यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं, याची मला खात्री आहे.

तुमचं उत्तर यायला वेळ लागला. मला वाटलं, हेही गेले. आणि मग ते आलं. पहिलं वाक्य मला पाठ आहे: ‘दुसऱ्या कडव्याच्या आधी तुम्ही श्वास घेता, तो कापू नका, पुढची ओळ म्हणायला जड जातेय हे तिथेच कळतं.’

बास. त्या वाक्यात ना ईक्यू (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणं) होता, ना डेसिबल. तो श्वास स्टुडिओच्या गेटने केव्हाच गिळून टाकला होता. तुम्हाला तो सापडला, कारण तुम्ही माझे कच्चे ट्रॅक उघडून शेवटपर्यंत ऐकले होते. आणि ती ओळ मला खरंच जड जाते. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. त्या दिवशी मी सॉफ्टवेअर उघडलंच नाही, नुसती तुमची ओळ परत परत वाचत राहिले.

बाकीचं तुम्ही शिकवलंत ते कामाचं होतंच. आवाज दबला म्हणून त्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) वर, मग गिटार दबली म्हणून तिचा वर, असं करत मास्टर, म्हणजे सगळ्यांची मिळून पातळी, लाल दिव्याला टेकतो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही, एक्सपोर्ट करताना लहरीचे शेंडे छाटले जातात. तुम्ही सगळे फेडर खाली ओढायला लावून आधी फक्त माझा आवाज उभा करायला सांगितलंत. 200 ते 400 हर्ट्‌झच्या पट्ट्यात माझा आवाज, गिटार आणि कीबोर्डचा डावा हात एकमेकांना रेटत होते. तिथे कीबोर्ड जरासा कापला आणि माझे शब्द कळायला लागले. आवाजाचा फेडर तसूभरही हलवला नव्हता!

आवाज अगदी हळू करून ऐकायला लावलंत, त्याचंही कारण सांगितलंत. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे हळू ऐकतानाही शब्द कळले, तरच तो तोल खरा. मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून पाहा म्हणालात, तर डावी-उजवीकडे पसरवलेली गिटार अर्धीअधिक गायब! एका बाजूची फेज उलटी होती, म्हणजे तिची लहर दुसरीच्या उलट जाऊन तिला खोडत होती. बटण एकच, पण ते दाबून पाहायचं कुणी सुचवलं नव्हतं.

खरं सांगू? यातलं पुष्कळसं कुठेही वाचायला मिळालं असतं. पण प्रत्येक सूचनेच्या शेवटी तुम्ही लिहायचात, ‘तुमच्या कानांना काय वाटतं?’ आणि उत्तराची वाट पाहायचात. जाणकार माणसाने नवख्याच्या कानांना विचारावं, हे मी फार कमी पाहिलंय. समोरच्याला खजील न करता शिकवणारी माणसं भेटली, की आपणही कुणाला तरी इतक्याच सबुरीने उत्तर द्यावं असं वाटायला लागतं. परवा एका मुलीने मला हाय-पास फिल्टर म्हणजे काय विचारलं. मी आधी तिचं गाणं मागवून घेतलं.

फाइल पाठवतेय. श्वास जिथल्या तिथे आहे, त्याचा आवाज उलट किंचित वाढवलाय. शेवटच्या कडव्यात रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) तुम्ही सांगितला त्याहून जास्त आहे. कमी करून पाहिला, पण माझ्या कानांना नाही पटलं. यावर तुम्ही भांडणार असाल, तर भांडा.

तुमची,
ती जड ओळवाली