महिने किती, या प्रश्नाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, परवा तुम्ही सरळच विचारलंत, "किती महिने?" तुम्हाला गोलमोल बोललेलं चालत नाही, म्हणून जे आहे तेच लिहिते. आई, तूही वाच. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं बाबांनीच बजावलंय.

फुप्फुसाच्या आवरणातल्या मेसोथेलिओमात, म्हणजे तुम्हाला झालेल्या या कर्करोगात, निदानानंतर साधारण वर्ष ते दीड वर्ष हा आकडा सगळीकडे दिसतो. पाच वर्षांनंतर शंभरातले दहा-बारा हयात असतात. मात्र हा आकडा म्हणजे मुदत नव्हे. सगळ्या रुग्णांना जगलेल्या काळाप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधला माणूस जेवढा जगला तेवढा हा आकडा. अर्धे त्याच्या आधी जातात, अर्धे त्याच्यानंतरही असतात, आणि त्या मागे राहिलेल्यांची रांग बरीच लांबते. स्टीफन जे गूल्ड नावाच्या जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ साली हा आजार झाल्याचं कळलं. तेव्हा मधला आकडा आठ महिन्यांचा होता. ते २००२ पर्यंत जगले आणि गेले तेही दुसऱ्याच कर्करोगानं. पण हे उदाहरण जपूनच घ्या. त्यांचा आजार पोटाच्या आवरणातला होता आणि वय जेमतेम चाळीस. कुणी त्यांचं नाव घेऊन "काही होत नाही हो" म्हणालं, तर मनावर घेऊ नका.

तुमच्या बायोप्सीत 'एपिथेलिऑइड' लिहिलंय. तीन प्रकारांत हा त्यातल्या त्यात बरा. सार्कोमॅटॉइड सगळ्यात वाईट, आणि मिश्र प्रकार या दोघांच्या मध्ये. वय तुमच्या बाजूनं नाही. पण तुम्ही अजून स्वतः जिने चढता, स्वतःचं सगळं स्वतः करता, आणि डॉक्टर याला बराच मान देतात. उपचार झेपतील का, हे त्यावरूनच ठरतं.

उपचारांचं सांगायचं तर, सिस्प्लॅटिन या केमोच्या नुसत्या एका औषधावर मधला आकडा ९.३ महिने होता, त्याला पेमेट्रेक्सेड या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर १२.१ झाला. ही २००३ सालची गोष्ट. पुढे इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी, दोन औषधं एकत्र देऊन पाहिली, तेव्हा केमोचे १४.१ आणि यांचे १८.१ महिने आले. दोन वर्षांनी केमोवाले शंभरात २७ होते, हे ४१. ऐकायला छान वाटतं, पण मोठा फायदा झाला तो बाकीच्या प्रकारांना. तुमच्या प्रकारात फरक दोनेक महिन्यांचाच आहे. म्हणून डॉक्टर केमो म्हणाले तर हलकं औषध देतायत असं समजू नका.

ऑपरेशनचं काका सारखं सांगतायत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ऑपरेशन आणि केमो दोन्ही घेतलेले रुग्ण नुसत्या केमोवाल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत, उलट त्रासच वाढला. मला विचाराल तर नको. छातीत साठणारं पाणी काढायची सोय मात्र लवकर करून घ्या. दम त्यानंच लागतो, आणि वारंवार साठत असेल तर घरीच काढता येईल अशी बारीक नळी बसवतात. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनाही आत्ताच भेटा. दुखणं आणि दम आटोक्यात ठेवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांच्याकडे शेवटी जायचं असतं हा गैरसमज आहे.

आई, आता तुझं. बाबांच्या सिगारेटींवरचा राग या बाबतीत तरी सोड. हा आजार तंबाखूनं होत नाही. बाबा कामावर बॉयलरच्या नळ्यांवर चढवायचे त्या ॲस्बेस्टॉसची धूळ वीस ते पन्नास वर्षांनी असा दगा देते. बाबांचे धुळीचे कपडे तूच झटकून धुवायचीस, तेव्हा तुझ्या डॉक्टरांच्या कानावरही हे घाल. घाबरायचं नाही, पण दम लागला, छातीत दुखलं तर अंगावर काढायचं नाही.

बाबा, पुढच्या भेटीत "किती महिने" ऐवजी असं विचारा: माझ्यासारख्यांचं वाईटात वाईट काय होतं, बहुतेकांचं काय होतं, आणि चांगलं झालं तर किती चांगलं? एका आकड्याशी अडणारे डॉक्टर याचं उत्तर बहुतेक देतील.

तुमची,
मनू

ता. क. कुठल्या कारखान्यात कुठल्या वर्षी काय काम केलंत, याची यादी करून ठेवा. डॉक्टर विचारतातच, आणि भरपाईचा दावा करायचं ठरलं तर आधी तीच लागेल.