डोंगरवाटांच्या यादीत चढाचा आकडाही छापावा

संपादक महोदय,

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एका दिवसात करता येण्याजोग्या डोंगरवाटांच्या याद्या येऊ लागतात. एखादे निळेशार सरोवर, एखादा धबधबा, एखादे शिखर, प्रत्येकाचे देखणे छायाचित्र आणि त्याखाली ‘अंतर १२ किलोमीटर, सोपी ते मध्यम’ एवढीच ओळ. या ओळीच्या भरवशावर घरातल्या लहानथोरांना घेऊन निघणाऱ्या वाचकाला तिचा फारसा उपयोग होत नाही, हे नम्रपणे आपल्या निदर्शनास आणून द्यावेसे वाटते. डोंगरात किती लांब जायचे यापेक्षा किती वर चढायचे यावर दिवसाचा सारा हिशेब अवलंबून असतो, आणि नेमका तोच आकडा या याद्यांत नसतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाव्या लागणाऱ्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. जाऊन-येऊन १२ किलोमीटरची वाट सपाट असेल तर ती या हिशेबाने अडीच तासांच्या आत संपते. त्याच वाटेत ९०० मीटरचा चढ असेल तर जवळजवळ चार तास लागतात. हा हिशेबही धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा. बसणे, खाणे, छायाचित्रे काढणे, मुलांच्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधणे हे सारे धरले की चाराचे सहा तास सहज होतात. शिवाय शिखराच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा केली म्हणजे एकूण चढ कळला, असेही नाही. मध्ये एखाद्या खिंडीत २०० मीटर उतरून पुन्हा चढायचे असेल, तर ते २०० मीटर जाताना खिंडीच्या पलीकडे आणि परतताना अलीकडे असे दोनदा चढावे लागतात, आणि दुसऱ्या वेळी पायांत त्राण उरलेले नसते.

सरोवर, धबधबा आणि शिखर यांना एकाच यादीत बसवणे हेही मला पटत नाही, कारण तिन्हींच्या अडचणी वेगळ्या असतात. उंच पर्वतांतली पुष्कळशी सरोवरे हिमनदीने कोरलेल्या खोलगट भागात साचलेली असतात. तीन बाजूंना कडे आणि पुढे खडकाचा उंबरठा अशी त्यांची ठेवण असल्यामुळे दरीतून आरामात आलेली वाट शेवटच्या टप्प्यात एकदम उभी होते. पाणी उंबरठ्यामागे असल्याने वर पोहोचेपर्यंत त्याचा थेंबही दिसत नाही आणि कंटाळलेली मुले तिथेच बसकण मारतात. कड्यांच्या सावलीमुळे तिथला बर्फ उशिरा वितळतो, तेव्हा खालच्या कुरणांत फुले आली असली तरी वरचे सरोवर गोठलेले असू शकते. आणि वितळले असले, तरी ते पाणी इतके गार असते की उडी मारताच श्वास अडकून पट्टीचा पोहणाराही अडचणीत येतो.

धबधब्याची वाट बहुधा सर्वांत कमी चढाची असते, म्हणून ती मुलांसाठी सर्वांत सोपी असे समजले जाते. चालण्यापुरते ते खरे आहे. धोका वाट संपल्यावर सुरू होतो. तुषारांनी सतत भिजणाऱ्या खडकावर शेवाळाचा इतका पातळ थर असतो की खडक नुसता काळसर दिसतो, आणि कोरड्या दगडावर घट्ट बसणारा बूट तिथे क्षणात घसरतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर वरच्या बाजूला पाऊस झाला असे समजून, डोक्यावर निरभ्र आकाश असले तरी, तत्काळ प्रवाहापासून दूर व्हावे. बर्फावर पोसलेल्या ओढ्यांची तऱ्हा आणखी वेगळी : सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारच्या उन्हाने बर्फ वितळल्यावर गुडघ्यापर्यंत चढतो आणि परतीची वाट अडवतो. अशा ठिकाणाचे छायाचित्र छापताना ते कोणत्या महिन्यात काढले, एवढे तरी लिहावे. भर पाण्यातला धबधबा पाहून निघालेल्या वाचकाला कोरड्या ऋतूत तिथे ओला कडा तेवढा भेटतो.

शिखराबाबत उंचीबरोबरच घड्याळही महत्त्वाचे. दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथ्याशी २० अंश असताना १,२०० मीटर वर साधारण १२ अंश, आणि वारा असेल तर त्याहून कमी भासणार. सुमारे २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. सखल प्रदेशातून त्याच दिवशी गाडीने येऊन चढू लागणाऱ्याने डोकेदुखी आणि मळमळ यांकडे काणाडोळा करू नये. अनेक पर्वतरांगांत उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून विजा पडतात, म्हणून माध्यान्हीच्या सुमारास माथा सोडावा. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवावी, कारण माथा समजून गाठलेल्या उंचवट्यामागे दुसरा उंचवटा दिसला की ‘आता आलोच आहोत तर’ हे वाक्य हमखास निघते.

राहता राहिला ‘सोपी’ आणि ‘मध्यम’ या शेऱ्यांचा प्रश्न. स्वित्झर्लंडमधील अल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ अशी श्रेणी आहे. ती मुख्यतः वाटेचे स्वरूप सांगते, दमछाक नव्हे. रुंद, मळलेली वाट १,२०० मीटर चढत असली तरी तिथे खालच्याच श्रेणीत बसू शकते. आपल्या पुरवणीत शेरा पायांखालच्या जमिनीविषयी आहे की श्रमाविषयी, हे वेगळे नोंदवावे. एकूण चढ आणि सर्वोच्च ठिकाणाची उंची द्यावी. आणि अंतर एकेरी आहे की जाऊन-येऊन, हेही न विसरता छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक