खरेदीवर बंदी कशाला? आधी जोडणाऱ्याला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गॅसची उपकरणे वाटेल त्याला विकू नयेत, असे सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्री गप्प बसलो. सकाळी पुन्हा वाचला आणि राहवेना. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही, पण उभ्या जन्मात ज्यांनी हातात पान्हा धरला नाही, त्यांनीच असे लिहावे. शेगडी, गीझर, पाइप, रेग्युलेटर सगळे म्हणे अधिकृत मेकॅनिकच्या हातूनच विकले जावे आणि घरच्या घरी जोडण्याच्या हौसेला आळा बसावा. हौस? नवे कनेक्शन घेताना एकदा एजन्सीच्या काउंटरपुढे उभे राहा म्हणावे, हौस तिथेच फिटेल.

मी सातपूरला एका कारखान्यात पाइप फिटर होतो. सगळी नोकरी तिथेच झाली. मुलीने नुकतेच वेगळे बिऱ्हाड केले, तेव्हा शेगडी आम्ही भांडी बाजारातून घेतली. तीन बर्नरची, आयएसआय शिक्क्याची, पक्क्या पावतीसकट. एजन्सीतल्या बाई म्हणाल्या, "काका, बाहेरची हॉटप्लेट, म्हणजे शेगडी, चालत नाही. इथूनच घ्यावी लागेल." म्हटले, नियम दाखवा. त्यांनी काचेला आतून चिकटवलेल्या कागदाकडे बोट केले. ‘सुरक्षेसाठी हॉटप्लेट येथूनच घ्यावी.’ खाली ना सही, ना तारीख, ना कुणाचा शिक्का. शिक्क्याची शेगडी ग्राहकाने हवी तिथून घ्यावी, वितरकाने फक्त ती तपासावी, हे तेल कंपन्या स्वतःच सांगतात. ते बोललो तर उत्तर मिळाले, "मग मेकॅनिक कधी येईल ते सांगता येणार नाही." अखेर शेगडी आमचीच राहिली, पण पावतीत लायटर, ॲप्रन आणि एक किलो चहापावडर चढली. मुलगी म्हणाली, बाबा, जाऊ द्या आता. जाऊ दिले. चहापावडरीने सुरक्षा कशी वाढते, हे आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात जरूर सांगावे.

आता त्या अधिकृत मेकॅनिकविषयी. पोरगा विशीतला, स्वभावाने चांगला, पण हात हलवत आला. स्क्रू ड्रायव्हर माझा, पक्कड माझी. नारंगी पाइप शेगडीच्या नळीवर पुरता चढायच्या आत त्याने क्लिप आवळायला घेतली. सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग पाहिलीच नाही. मग रेग्युलेटर बसवला आणि गळती तपासायला खिशातून काडेपेटी काढली! मी त्याचा हात धरला. स्वयंपाकघरातून वाटीत साबणाचे पाणी आणले, सगळे सांधे त्याच्याचकडून ओले करून घेतले. पाइपच्या टोकाशी बारीक बुडबुडे आले. क्लिप सोडून पाइप पुढे सरकवून पुन्हा आवळावी लागली. "काका, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही," असे तो म्हणाला, आणि माझा त्याच्यावरचा राग तिथेच संपला. एजन्सीवरचा नाही. लेखातल्या सूचनेप्रमाणे उद्या कायदा झाला तर त्या स्वयंपाकघरात बेकायदा माणूस मी ठरेन.

लेखात इंग्लंडचा दाखला दिला आहे म्हणून सांगतो. माझा पुतण्या लेस्टरला असतो, त्यामुळे थोडीफार माहिती आहे. तिथे शेगडी दुकानातून कुणीही उचलून आणतो. गॅस सुरक्षेच्या तिथल्या १९९८च्या नियमांत अट आहे ती काम करणाऱ्यावर. काम येत असले पाहिजे, आणि धंदा म्हणून करणाऱ्याची ‘गॅस सेफ’ नोंदवहीत नोंद हवी. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामे करता येतात तेही छापलेले असते. म्हणजे घरमालकाने कार्ड उलटून पाहावे, शेगडीचा माणूस बॉयलर उघडायला निघाला तर दारातून परत पाठवावे. आमच्याकडे आलेल्या पोराच्या गळ्यात कसलेच कार्ड नव्हते. लंडनची रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत १६ मे १९६८ रोजी गॅसच्या स्फोटाने एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत ढासळली, चार माणसे गेली. चौकशीत दोष निघाला शेगडीच्या होजला जोडणाऱ्या कमअस्सल पितळी नटात. अर्धशतक उलटले तरी फिटर लोक त्या नटाची गोष्ट सांगतात. शेगडी कुठून विकत घेतली, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

गीझरपुरते मात्र लेखकाचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि नेमके त्यावर त्यांनी दोनच ओळी लिहिल्या आहेत. मुलीच्या इमारतीत एकांनी गॅस गीझर ऑनलाइन मागवला. दुसऱ्या दिवशी खोके दारात. ना एजन्सीचा प्रश्न, ना तपासणी. प्लंबरने तो बाथरूममध्येच शॉवरशेजारी टांगला, आणि थंडी आत येते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना थर्मोकोल ठोकून दिला. शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट गॅस हे यंत्र एका वेळी जाळते. बंद खोलीत हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळला तर नाकाला कळतो. या विषारी वायूला वासच नाही. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो, दाराला आतून कडी. दरवर्षी हिवाळ्यात आपणच आतल्या पानावर दोन इंचांची बातमी देता. त्याच पानावर खाली गॅस गीझरची रंगीत जाहिरात, ‘मोफत फिटिंग’सह! मी त्या घरी जाऊन थर्मोकोल काढायला लावला आणि गीझर बाहेर बाल्कनीत घ्यायला सांगितले. थर्मोकोल निघाला. गीझर अजून तिथेच आहे, कारण प्लंबर फोन उचलत नाही.

लेखासोबत अर्धे पान भरून ज्वाळांचे चित्र छापले, पण गळती झाली तर १९०६ या क्रमांकावर फोन करावा, ही ओळ छापायला जागा उरली नाही. आणि चित्रातल्या शेगडीची ज्योत पिवळी आहे. ती निळी असते, साहेब. पिवळी दिसली की बर्नर साफ करायचा असतो.

कळावे,
एक निवृत्त फिटर, नाशिक

ता. क. पाणीपट्टीवरचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले, आणि नेमके आकडेच गाळले. या पत्राला कात्री लावायचीच असेल तर चहापावडर कापा, साबणाचे पाणी राहू द्या.