काचेचे भांडे कोणते, तेही पाककृतीत छापा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवण्यांमध्ये केक आणि बेक्ड भाज्यांच्या पाककृती हल्ली नेमाने येतात. त्यात ‘काचेच्या भांड्यात ओतून १८० अंशांवर ४० मिनिटे भाजा’ एवढेच लिहिलेले असते. ते पुरेसे नाही, आणि धोक्याचेही आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची काच मिळते. बोरोसिलिकेट काच तापल्यावर फारच थोडी फुगते. साधी सोडा-लाइम काच तिच्या जवळजवळ तिप्पट फुगते. भांड्याचा एक भाग तापला आणि दुसरा गारच राहिला, की या फुगण्यातल्या फरकाने काच तडकते. टफन केलेली (तापवून झटकन गार करून कणखर केलेली) सोडा-लाइम काच तर एका क्षणात बारीक तुकडे होऊन विखुरते. म्हणून खरेदी करताना भांड्यावर ‘ओव्हन सेफ’ आहे का ते पाहावे. नुसते ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असलेले भांडे मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर (गरम हवेने भाजण्याच्या सोयीवर) किंवा ओटीजीत, म्हणजे रॉडने तापणाऱ्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः पदार्थ तापतो, तर ओटीजीत भांड्यालाच १८० अंश सोसावे लागतात.

ओव्हन आधी पूर्ण तापू द्यावा, भांडे मग ठेवावे. ओव्हन तापत असताना रॉड लालभडक असतात आणि काचेला एकाच बाजूने झळ बसते. लहान ओटीजीत खालचा रॉड अगदी जवळ असतो, तेव्हा रॅक मधलीच हवी. वरच्या रॉडखाली ग्रिल करायला काच वापरूच नये. गॅसवर आणि इंडक्शनवरही नाही. फ्रिजमधले भांडे आधी खोलीच्या तापमानाला यायला हवे. भाज्या किंवा चिकन भाजताना तळाशी थोडे पाणी आधीच घालावे, कारण कोरड्या तापलेल्या काचेवर मागाहून गार पाणी पडले की ती तडकते. अपघात अनेकदा भांडे बाहेर काढल्यावर होतो: ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवले, की संपले. कोरडा जाड कपडा किंवा लाकडी पाट आधीच मांडून ठेवावा.

केकचे गणितही वेगळे. काच हळू तापते आणि उष्णता धरून ठेवते. अ‍ॅल्युमिनियमच्या टिनसाठी लिहिलेला रवा केक त्याच तापमानावर काचेत भाजला तर कडा करपतात आणि मधला भाग ओलाच राहतो. १८० ऐवजी १६५ अंश ठेवावे, वेळ पाच-दहा मिनिटे वाढू शकते. मधोमध सुरी घालून ती कोरडी निघते का, हे पाहूनच काढावे. बाहेर काढल्यावरही तळ थोडा भाजत राहतो, म्हणून काठ गडद होण्याआधीच थांबावे. तळाचा रंग बाहेरून दिसतो, हा मात्र काचेचा मोठा फायदा.

टवका उडालेले किंवा तारेच्या घासणीने चरे पडलेले भांडे ओव्हनमध्ये पुन्हा घालू नये. तडा तिथूनच सुरू होतो.

पाककृतीखाली भांड्याचा प्रकार, आकार आणि काचेसाठीचे तापमान अशी एक ओळ नियमित छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे