आधी पेटी तापव, मग गेको आण

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. लेपर्ड गेको, म्हणजे ती ठिपकेदार पाल, पाळायला आणायचं अखेर नक्की केलंस, हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसलो. एकच विनंती आहे. पेटी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणू नकोस. आधी काचेची पेटी आण, सगळं मांड आणि निदान चार-पाच दिवस ती रिकामीच चालू ठेव.

हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला प्राणी. दिवसा कपारीत पडून राहतो, दिवेलागणीला बाहेर पडतो. आपल्यासारखी ऊब त्याच्या अंगात तयार होत नाही, ती बाहेरूनच घ्यावी लागते. ती कमी पडली की खाल्लेला किडा पचत नाही, कधीकधी उलटून बाहेर येतो. म्हणून खायला काय द्यायचं हे नंतर बघू, आधी तापमान.

पेटी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद असली तर उत्तम. लांबी हवीच, कारण सगळी पेटी सारखी तापवायची नाही, हीच यातली खरी गोम. एका टोकाला जमीन ३२ अंश सेल्सियसच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २४-२५. कधी कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. दोन्ही टोकांना लपायला जागा ठेव, नाहीतर बिचाऱ्याला ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं.

ऊब देण्यासाठी मी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, वापरतो. ती तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, काचेच्या बाहेरून लावायची आणि पेटीला छोटे पाय देऊन खाली हवा खेळती ठेवायची. वरून हॅलोजनचा दिवा लावणारेही बरेच आहेत, तेही चांगलंच. आतून तापणारा नकली दगड मात्र घेऊ नकोस. तो एखाद्याच जागी फार तापतो आणि पोट भाजतं.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. त्याशिवाय मॅटचं बटण दाबायचंच नाही. पहिल्या वर्षी मी त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) पेटीच्या आत चिकटपट्टीनं लावला होता. एका रात्री पट्टी सुटली आणि प्रोब घरंगळत गार बाजूला गेला. तिकडे गारच होतं, त्यामुळे थर्मोस्टॅट मॅट तापवतच राहिला. सकाळी बघतो तर उबेच्या टोकाला जमीन ४४ अंश! माझा गेको उलट्या कोपऱ्यात काचेला पोट चिकटवून उभा होता, शेपटी ताठ, डोळे मिटलेले. (याला पापण्या असतात, घरातल्या पालीसारखा उघडा डोळा नसतो.) मॅट बंद केली, तो सावरला, पण ते मिटलेले डोळे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून प्रोब मॅट आणि काच यांच्या मधे, बाहेरून पक्का बसवतो. आत चिकटपट्टी नकोच, तिला प्राण्याची कातडी चिकटते. एक लक्षात ठेव: प्रोब मॅटला टेकलेला असल्यामुळे तिथला आकडा आतल्या जमिनीपेक्षा जास्त दिसतो. म्हणून थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नकोस, आतली जमीन वेगळ्या थर्मामीटरनं मोज आणि त्याप्रमाणे थर्मोस्टॅट वर-खाली कर. न टेकवता लांबूनच मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम फार सोपं होतं.

रात्री २०-२१ पर्यंत उतरलं तरी हरकत नाही. लाल दिवा रात्रभर लावू नकोस, त्याला काळोख हवा. तळाला सुटी वाळू नको, कागदी रुमाल अंथर. उबेच्या बाजूला एका झाकलेल्या डबीत ओलं शेवाळ ठेव. कात टाकताना तो तिथे जाऊन बसेल. ती ओल नसली तर बोटांवर कातडी अडकून राहते, आवळत जाते आणि बोट झडतं. त्यामुळे दर वेळी कात टाकून झाली की एकेक बोट निरखून बघ.

शिकार दिसली की तो शेपटीचं टोक थरथरवतो. ते तू पहिल्यांदा पाहशील तेव्हा मी तिथे हवा होतो.

पाचव्या दिवशी दोन्ही टोकांचे आकडे मला कळव, दुपारचे वेगळे आणि पहाटेचे वेगळे. ते बघून ठरवू, कधी आणायचं त्याला.

तुझाच,
विजय