पासिंगच्या धुण्यात तेलाचा माग पुसला जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पहिला पाऊस पडला की घाटात दुचाक्या घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात. उन्हाळाभर डांबरावर ठिबकलेलं तेल त्या पहिल्या सरीत वर येतं आणि कात्रज असो, खंबाटकी असो की कसारा, चढ निसरडा होतो. भरलेला ट्रक चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळतो, त्यामुळे तिथेच जास्त थेंब पडतात. विषय निघाला की मालक, ड्रायव्हर आणि पुष्कळदा मेकॅनिकसुद्धा एकच वाक्य बोलतात: सहा-सात लाख किलोमीटर झालेलं इंजिन, थोडं पाझरणारच. आम्हाला हे मान्य नाही. इंजिन जुनं झालं म्हणजे सांध्यांतली पॅकिंग कडक होतात, फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलचा ओठ झिजतो, हे खरं. पण गळती वर्षानुवर्षं राहते ती शोधायचा कंटाळा केल्यामुळे.

गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेससाठी, म्हणजे पासिंगला, दरवर्षी न्यावी लागते. आदल्या दिवशी तिचं इंजिन डिझेल मारून, प्रेशरच्या पाण्यानं लख्ख धुतलं जातं. म्हणजे गळती शोधण्याची पहिली पायरी प्रत्येक गाडीवर वर्षातून एकदा घडतेच, फक्त ती शोधण्याऐवजी झाकण्यासाठी वापरली जाते. धुतल्यावर इंजिन चालवलं की पहिल्या पंधरा मिनिटांत तेल कुठून येतं ते दिसतं. पण तेव्हा कोणी बघत नाही आणि मग गाडी रांगेत बंद उभी असते.

'थोडं पाझरणं' म्हणजे किती, याचा हिशोब एकदा करून पाहावा. साधारण वीस-पंचवीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. चालू इंजिनातून दर दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब, म्हणजे पंधरा मिलिलिटरच्या आसपास. दिवसाला दहा तास गाडी चालली तर दीडशे मिलिलिटर आणि आठवडाभरात लिटरभर तेल रस्त्यावर. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पंधरा लिटर मावतं म्हणून ड्रायव्हरला ते जाणवत नाही, तो मधूनमधून अर्धा-एक लिटर ओततो आणि विसरतो.

आता शोधायचं कसं, ते सांगतो. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि नवा ओलावा त्यात मिसळून जातो. डीग्रीझर किंवा कपड्याच्या पावडरचं गरम पाणी आणि ब्रश पुरतो. इंजिन कोमट असताना धुवावं. तापलेल्या डिझेल पंपावर गार पाणी मारलं तर आतले भाग जाम होऊ शकतात. अल्टरनेटर, स्टार्टर, एअर क्लीनरचं तोंड आणि ब्रीदरचा (इंजिनातला वायू बाहेर सोडणारा) पाइप प्लास्टिकनं बांधून घ्यावेत, आणि सुरू करण्याआधी आठवणीनं सोडावेत. मग हवा मारून पूर्ण कोरडं करावं आणि संशयाच्या जागी खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर फुंकावी.

इंजिन आधी आयडलवर दहा मिनिटं, मग पंधराशे आरपीएमवर दहा मिनिटं चालवावं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघत राहावं, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. पांढऱ्या भुकटीवर तेल चहाच्या डागासारखं उमटतं: खाली रुंद, वर जाता जाता दोऱ्याएवढं बारीक. तो दोरा वर वर धरून जावा. जिथे वरची भुकटी कोरडी पांढरी राहिली आहे, तिथे गळती. खालचा थेंब जिथे लोंबतो ती जागा जवळपास कधीच खरी नसते. तेल उताराने खाली येतं, आणि फॅनच्या व समोरच्या वाऱ्यानं मागे ढकललं जातं. म्हणून शोध नेहमी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या ओल्या जागेपासून सुरू करायचा.

एवढ्यात काही दिसलं नाही तर भरल्या गाडीनिशी पंधरा-वीस किलोमीटर फेरी मारून पुन्हा बघावं. तरीही नाही दिसलं तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि जांभळा (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्च वापरावा. रंग तेल बदलल्याबरोबर टाकावा. काजळीनं काळ्या झालेल्या तेलात तो नीट चमकत नाही, आणि मग 'रंगानं काही कळत नाही' असा गैरसमज होतो.

उदाहरणादाखल रस्त्यावर अजून भरपूर दिसणारं ६ बीटी, म्हणजे ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन घेऊ. त्यात प्रत्येक सिलिंडरचं टॅपेट कव्हर वेगळं, म्हणून वरच सहा पॅकिंग. शिवाय डिझेल पंपाच्या मागे, ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) कुशीत, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या बाजूचं लांबट कव्हर असतं. ते उभ्यानं दिसतच नाही, आरसा घालूनच बघावं लागतं. त्याचं पॅकिंग आणि बोल्टांखालचे रबरी वॉशर कडक झाले की तेल ब्लॉकच्या कडेनं मागे सरकत फ्लायव्हील हाउसिंगवर उतरतं आणि तिथून क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकाशी लोंबतं. बघणारा म्हणतो, 'मागचं सील गेलं', म्हणजे क्रँकशाफ्टचं, इंजिनाच्या मुख्य दांड्याचं. गिअरबॉक्स उतरतो, क्लच निघतो, फ्लायव्हील निघतं, सील बदललं जातं. पुढच्या आठवड्यात थेंब पुन्हा तिथेच. दोन दिवस गाडी उभी, मजुरी गेली आणि मूळ कव्हर तसंच.

म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, फ्लायव्हील हाउसिंगच्या वरची ब्लॉकची कड धुवून भुकटी मारल्यावर कोरडी राहते का? ती कोरडी आणि भोकातून थेंब येतोय, तरच गळती आतली. दुसरी, थेंब बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, कुजका वास असतो. तो आला तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे, इंजिनाची नाहीच. तिसरी, ब्रीदर. त्याबद्दल पुढे लिहितो.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर सील उपटण्याआधी माग बघावा. तेलाची रेघ क्रँकच्या मध्याच्या वरून सुरू होत असेल तर कॅमशाफ्टच्या मागचं बुच किंवा गॅलरीचा (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचा) प्लग तपासावा. सील बदलताना सगळ्यात जास्त चूक होते ती तेल लावण्याची. जुन्या रबरी सीलच्या ओठाला तेल लावून बसवायची सवय हाताला असते. पण या इंजिनाचं पुढचं आणि मागचं क्रँक सील टेफ्लॉनच्या ओठाचं असतं, ते कोरडंच बसवायचं. क्रँकचा भाग स्वच्छ पुसून कोरडा करायचा आणि सीलसोबत येणारी प्लास्टिकची बाही वापरूनच सील सरकवायचं. टेफ्लॉनचा अतिशय पातळ थर क्रँकवर चढतो आणि त्यावर ओठ धावतो. मध्ये तेल आलं तर तो थर बसत नाही आणि नवंकोरं सील पहिल्या दिवसापासून पाझरतं. मग दोष मालाला दिला जातो.

क्रँकवर नख फिरवून बघावं. जुन्या ओठानं घासून केलेली खाच नखाला अडकली तर त्याच जागी नवं सील टिकणार नाही. त्यावर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते, ती तिच्याच मापाच्या सीलसोबत घ्यावी. नसेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणावा. फक्त ते वाकडं बसू देऊ नये.

आता ब्रीदर. रिंग-पिस्टन झिजले की ज्वलनाचा वायू खाली चेंबरमध्ये शिरतो आणि ब्रीदरच्या पाइपनं बाहेर पडतो. तो पाइप चिखलानं किंवा घट्ट झालेल्या तेलानं बुजला, की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनसुद्धा तेल बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी ओलावा दिसला तर पॅकिंगचा सेट आणण्याआधी ब्रीदर काढून साफ करावा. पाइप मोकळा असूनही धुराचा भपका येत असेल तर लगेच हाफ इंजिनाचा (इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलण्याचा) निर्णय घेऊ नये. एअर ब्रेकच्या काँप्रेसरच्या रिंगा झिजल्या तरी त्याची हवा इंजिनातच उतरते. काँप्रेसरचा टाकीकडे जाणारा पाइप गाडी जागेवर उभी असताना, चाकांना ओट (अडसर) लावून सोडवावा आणि ब्रीदरकडे बघावं. भपका एकदम कमी झाला तर काम काँप्रेसरचं आहे. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे इंजिन खोललं जातं.

डिपस्टिकही नीट वाचायला हवी. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास असेल, तर पंपाच्या आतल्या सीलमधून किंवा इंजेक्टरमधून डिझेल उतरतंय. पातळ झालेलं तेल कुठूनही पाझरतं, आणि बेअरिंग खातं ते वेगळंच. अशा वेळी गळती हा मूळ आजार नाही.

टर्बोतलं तेल चेंबरमध्ये परत आणणाऱ्या पाइपकडे मात्र कानाडोळा करू नये. तिथलं पॅकिंग उष्णतेनं करपतं आणि तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. ही गळती रस्ता निसरडा करते त्याहून आधी गाडी पेटवू शकते. त्या पाइपाला कुठेही वाक किंवा पोक नको, कारण तेल त्यातून केवळ उताराने खाली येतं.

किरकोळ जागा भराभर सांगतो. ऑइल प्रेशरच्या स्विचची वायर काढून बघा, सॉकेटमध्ये तेल असेल तर स्विच बदला. फिल्टर बदलताना जुनं रबर वरच चिकटून राहिलं तर दोन रबरांमधून तेलाची पिचकारी उडते, म्हणून बैठक बोटानं चाचपावी. पुढचं क्रँक सील गेलं तर पुलीच्या सरळ रेषेत तेलाचे शिंतोडे उडालेले दिसतात. टायमिंग कव्हर उघडलंच असेल तर आतली डॉवेल पिन (दोन भाग जुळवणारी खुंटी) जागेवर आहे ना हे बघून ती निसटू नये म्हणून तिच्यापुढे पत्ती मारावी. या घराण्याच्या इंजिनात ती निसटून गिअरमध्ये पडल्याचे प्रकार परदेशातल्या पिकअपमध्येही झालेले आहेत.

शेवटी चेंबर. पाझर दिसला की पान्याला पाइप लावून बोल्ट आवळायची खोड सोडली पाहिजे. आठ मिलिमीटरच्या त्या बोल्टांना २४ न्यूटन-मीटर पुरतं. त्यापुढे पत्र्याची कड भोकाभोवती दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. चेंबर उतरवून कड लाकडी ठोकळ्यावर ठोकून सपाट करावी लागते. आणि सिलिकॉनची अर्धी ट्यूब कडेभर पिळणं तर घातकच. आत फुगलेलं सिलिकॉन तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं, प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातं. सिलिकॉन फक्त पुढच्या हाउसिंगचा आणि मागच्या सील-हाउसिंगचा ब्लॉकशी सांधा जिथे चेंबरला मिळतो तिथे, हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

परिवहन खात्याला आमची एक मागणी आहे. फिटनेसच्या वेळी धुतलेलं इंजिन बघून पुढे जाऊ नये. गाडी तापलेल्या इंजिनानिशी पंधरा मिनिटं चालू ठेवून खाली पांढरा पुठ्ठा अंथरावा. थेंब पडला तर तो पुठ्ठा मालकाच्या हाती द्यावा आणि दुरुस्तीसाठी आठ दिवसांची मुदत द्यावी. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात इंजिन खोलण्या-जोडण्याचा सराव होतो, तसा एक दिवस फक्त धुवून, भुकटी मारून माग काढण्याचाही असावा. खडूची पेटी तिथे वर्गातच असते.

आपले,
ट्रकच्या डिझेल इंजिनांची कामं करणारे काही मेकॅनिक,
शिरोली, जि. कोल्हापूर